कोरीव लेखांचे छायाचित्रण आणि कॅमेऱ्यापासून विलग असलेला फ्लॅश
अहिल्यानगर जिल्ह्यातील काही स्थळांच्या अनुषंगाने विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रवरेच्या काठी नेवासे येथे ‘पैस’ या नावाने विख्यात असलेला एक दगडी स्तंभ आहे. या स्तंभाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, आपली गीताटीका सांगितली अशी परंपरा असल्याने तो सर्व महाराष्ट्रास पूज्य आहे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने या स्तंभाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याच्यावर एक संस्कृत लेख कोरलेला असून करवीरेश्वराच्या दिव्यास लागणाऱ्या तेलासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. दिव्यासाठी दिलेल्या दानाचा हा लेख वाचावयाचा तर तो कोणत्या प्रकाशात पाहावा, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

कोरीव लेखाची प्रत घेण्याची रूढ पद्धत ठशाची. ओला कागद दगडावर चेपून बसवावयाचा आणि त्यावर शाई फिरवावयाची. ही पद्धत आजही उपयुक्त आहे. पण नित्य पूजेतील स्तंभावर, पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर अथवा संरक्षित वास्तूवर तिचा अवलंब करणे बहुधा शक्य नसते. अक्षरांच्या खाचांत खडू किंवा पीठ भरून छायाचित्र घेण्याची जुनी सवय तर सर्वथा त्याज्य आहे. तिने दगडास अपाय होतो. शिवाय खडू भरणारा मनुष्य अक्षर कोठे आहे याचा निर्णय आधीच करून टाकतो, आणि पुढील वाचकाच्या हाती लेख न येता त्या मनुष्याचे वाचन तेवढे येते. दगडास स्पर्श न करता त्यावरील रेषा स्पष्ट करण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे प्रकाश.

येथे फ्लॅश या साधनाविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज आड येतो. फ्लॅश म्हणजे अंधारात उजेड पाडण्याचे यंत्र, अशी समजूत असल्यामुळे तो कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवून समोरून चमकविला जातो. अशा छायाचित्रात दगड लख्ख दिसतो आणि अक्षरे मात्र नाहीशी होतात. लेख वा शिल्प नोंदविताना फ्लॅशचे खरे मोल प्रकाशाच्या प्रमाणात नसून त्याच्या दिशेत आहे. ही दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य तारेवाचून इशारा देणाऱ्या उपकरणांनी मिळवून दिले आहे. फ्लॅशचे इतर सर्व गुणधर्म या एका दृष्टीनेच पारखावयास हवेत.

२. प्रकाशाची दिशा आणि अक्षराची रेषा

दोन मिलिमीटर खोल, उभ्या काठाची खाच घेऊ. पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करून येणारा प्रकाश या खाचेत दोन मिलिमीटर लांबीची सावली पाडील. तोच प्रकाश १५ अंशांनी आला तर सावली सुमारे साडेसात मिलिमीटर होईल, म्हणजे खाचेची सर्व रुंदी काळी दिसेल. प्रकाश समोरून, काटकोनात आला तर सावली पडतच नाही.

झिजलेल्या लेखात काठ उभे राहिलेले नसतात. खाचेच्या जागी केवळ सौम्य उतार उरतो. तेथे सावली पडत नाही, पण उजेडाचा फरक पडतो. प्रकाशाकडे पाच अंश झुकलेला उतार आणि त्याच्या उलट पाच अंश झुकलेला उतार यांवरील उजेडाचे गुणोत्तर, प्रकाश ६० अंशांनी आल्यास अवघे १.१ इतके असते. तो १५ अंशांनी आल्यास जवळजवळ दुप्पट होते. डोळ्यांस सपाट वाटणाऱ्या दगडावर तिरप्या प्रकाशात अक्षर ‘उमटते’ याचे कारण हेच.

मात्र एका दिशेच्या प्रकाशावर विसंबणे धोक्याचे आहे. प्रकाश ज्या दिशेने येतो त्या दिशेला समांतर असलेल्या रेषा त्यात हरवतात. देवनागरीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, डावीकडून आलेला प्रकाश काने आणि उभे दंड स्पष्ट करतो, पण शिरोरेषा पुसट करतो. वरून आलेला प्रकाश शिरोरेषा ठळक करतो आणि काने गिळतो. एक काना निसटला तर शब्द बदलतो, आणि दानलेखात शब्द बदलला तर दाता, देय वस्तू अथवा कालगणना यांपैकी काहीही बदलू शकते.

दख्खनच्या काळ्या पाषाणात आणखी एक फसगत संभवते. लाव्हारस थिजताना त्यातील वायूंमुळे राहिलेल्या बारीक पोकळ्या या दगडात विपुल असतात. शिरोरेषेच्या वर अशी पोकळी आली की ती अनुस्वारासारखी भासते. एका छायाचित्रावरून तिचा निर्णय करता येत नाही. चार बाजूंनी प्रकाश टाकून चार छायाचित्रे घेतली तर छिन्नीने केलेल्या टिंबाचा नियमित काठ आणि नैसर्गिक पोकळीचा वेडावाकडा काठ यांतील भेद बहुधा ओळखता येतो.

याच संदर्भात दृष्टिभ्रमाचाही विचार करावा लागतो. प्रकाश वरून येतो हे मनुष्याच्या दृष्टीने गृहीत धरलेले असते. त्यामुळे खालून प्रकाश टाकलेल्या छायाचित्रात खोदलेली अक्षरे उठावाची दिसू लागतात. म्हणून अभ्यासासाठी सर्व दिशांची चित्रे घेतली तरी प्रसिद्धीसाठी वरच्या डाव्या बाजूने प्रकाश आलेले चित्र निवडणे इष्ट होय.

३. फ्लॅशची रचना आणि त्याचे नियंत्रण

आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे मूळ, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०-४० या दशकात केलेल्या कार्यात आहे. विद्युत्घटांतील ऊर्जा सुमारे तीनशे व्होल्टांच्या दाबाने धारित्रात, म्हणजेच कपॅसिटरमध्ये, साठविली जाते आणि इशारा मिळताच झेनॉन वायूच्या नळीतून मोकळी केली जाते. कमी प्रकाश हवा असल्यास नळीची दीप्ती मंद केली जात नाही. विद्युत्प्रवाह लवकर तोडला जातो. म्हणून अल्प शक्तीवर स्फुरणाचा काळ सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागापर्यंत उतरतो. पूर्ण शक्तीवर तो साधारणपणे एक हजारावा भाग किंवा त्याहून काहीसा अधिक असतो.

यातून एक महत्त्वाचा परिणाम निघतो. स्फुरण शटरच्या काळाहून फार अल्प असल्यामुळे चित्रातील फ्लॅशचा प्रकाश शटरच्या वेगावर अवलंबून राहत नाही. तो शक्ती, अंतर, भिंगाचे छिद्र आणि संवेदनशीलता यांवरच अवलंबून असतो. सभोवतालचा प्रकाश मात्र शटरच्या वेगावर अवलंबून असतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात शटर १/२०० सेकंद, छिद्र एफ/८ आणि संवेदनशीलता आयएसओ १०० ठेवल्यास समईचा वा दारातून येणारा उजेड चित्रात जवळजवळ उमटत नाही. मग चित्रात येणारा प्रत्येक किरण अभ्यासकाने स्वतः, ठाऊक असलेल्या दिशेने टाकलेला असतो.

शटरच्या वेगास मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे एकामागून एक सरकतात आणि विशिष्ट वेगापर्यंतच, साधारणतः १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत, संपूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी असते. त्याहून वेग वाढविल्यास चित्राच्या एका कडेस काळा पट्टा येतो. ‘हायस्पीड सिंक’ या सोयीत फ्लॅश अतिशीघ्र स्फुरणांची मालिका सोडून ही अडचण टाळतो, पण त्यात प्रकाशाची शक्ती पुष्कळ खर्ची पडते.

प्रकाशाचे प्रमाण ठरविण्याच्या दोन रीती आहेत. भिंगातून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप तोडण्याची ‘टीटीएल’ रीत १९७५ साली ऑलिंपसच्या ओएम-२ या कॅमेऱ्याने प्रथम प्रचारात आणली. आजचे अंकीय कॅमेरे मुख्य स्फुरणापूर्वी एक अल्पसे पूर्वस्फुरण सोडून हे मापन करतात. समारंभाच्या छायाचित्रणात ही रीत सोयीची आहे. लेखांच्या नोंदीत मात्र ती टाळावी. एक तर काळा पाषाण प्रकाश कमी परावर्तित करतो, आणि स्वयंचलित मापन त्यास राखाडी करण्याच्या प्रयत्नात चित्र अकारण उजळ करते. दुसरे असे की, प्रत्येक दिशेगणिक प्रकाशाचे प्रमाण बदलल्यास चित्रांची परस्पर तुलना निरर्थक ठरते. म्हणून शक्ती हाताने ठरवावी आणि संपूर्ण मालिकेत ती कायम ठेवावी.

४. अंतराचा हिशेब

फ्लॅशची शक्ती ‘गाइड नंबर’ या अंकाने सांगतात. भिंगाचा छिद्रांक आणि फ्लॅशपासून वस्तूपर्यंतचे मीटरमधील अंतर यांचा तो गुणाकार होय. आयएसओ १०० ला हा अंक ४० असेल तर पाच मीटरवरील वस्तूस एफ/८ आणि अडीच मीटरवरील वस्तूस एफ/१६ योग्य ठरते. शक्ती चतुर्थांश केली की हा अंक निम्मा होतो. संवेदनशीलता चौपट केली की तो दुप्पट होतो. उत्पादक हा अंक बहुधा प्रकाशझोत अत्यंत अरुंद केला असता जो येतो तो छापतात. झोत रुंद केल्यावर तो बराच घटतो, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

तिरप्या प्रकाशात हा हिशेब आणखी बदलतो. गाइड नंबर हा समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी असतो. प्रकाश १५ अंशांनी आला की तोच झोत सुमारे चौपट क्षेत्रावर पसरतो आणि उजेड चौथाईवर येतो. वरील उदाहरणात पाच मीटरवरून एफ/८ ऐवजी एफ/४ घ्यावे लागेल, किंवा संवेदनशीलता आयएसओ ४०० करावी लागेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न समतेचा आहे. दोन मीटर रुंदीचा शिल्पपट्ट आहे आणि फ्लॅश त्याच्या जवळच्या कडेपासून एक मीटरवर ठेवला आहे असे समजू. दूरची कड तीन मीटरवर येते. व्यस्त वर्ग नियमानुसार दोन कडांवरील उजेडाचे गुणोत्तर ९ : १ होईल, एक कड जळेल आणि दुसरी अंधारात राहील. फ्लॅश चार मीटरवर नेल्यास अंतरे चार व सहा मीटर होतात आणि गुणोत्तर सव्वादोनास एक इतके खाली येते. जवळच्या कडेस पूर्वीइतकाच उजेड हवा असेल तर आता सोळापट शक्ती लागेल. मोठ्या गाइड नंबरचे प्रयोजन येथे आहे. अधिक शक्ती हवी ती अधिक उजेडासाठी नव्हे, दूर जाता यावे यासाठी. आणि दूर जावयाचे तर कॅमेरा व फ्लॅश यांना जोडणारी तार अपुरी पडते.

५. तारेवाचून इशारा देण्याच्या पद्धती

कॅमेऱ्यापासून विलग असलेल्या फ्लॅशला शटरच्या नेमक्या क्षणी इशारा कसा पोहोचवावा, या प्रश्नाची उत्तरे मुख्यतः तीन आहेत.

पहिली पद्धत सर्वांत साधी. दूरच्या फ्लॅशवर प्रकाशग्राही घटक असतो. दुसरा कोणताही फ्लॅश चमकला की तोही चमकतो. येथे पूर्वस्फुरणाची अडचण येते. कॅमेऱ्यावरील फ्लॅश स्वयंचलित रीतीवर असेल तर दूरचा फ्लॅश पूर्वस्फुरणालाच चमकतो, आणि शटर उघडते तेव्हा तो रिकामा झालेला असतो. पूर्वस्फुरण सोडून देण्याची सोय अनेक फ्लॅशांत असते. पण कॅमेऱ्यावरील फ्लॅश हाताने ठरविलेल्या अल्प शक्तीवर ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. तीर्थस्थळी भाविकांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅशही आपला फ्लॅश उडवितात, हा या पद्धतीचा दुसरा दोष होय.

दुसऱ्या पद्धतीत कॅमेऱ्यावरील नियंत्रक प्रकाशाच्या अथवा अवरक्त किरणांच्या स्पंदांतून सांकेतिक संदेश पाठवितो. केवळ ‘चमक’ एवढाच आदेश न देता कोणत्या गटाने किती शक्तीने चमकावे हेही त्यातून सांगता येते. परंतु संदेश प्रकाशाचाच असल्यामुळे मध्ये आडोसा चालत नाही, आणि प्रखर उन्हात तो ग्राहकास ओळखू येत नाही.

तिसरी पद्धत रेडिओ तरंगांची. बहुतेक आधुनिक उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात या पट्ट्यास परवान्याची आवश्यकता नाही. आरंभी प्रेषक व ग्राहक हे स्वतंत्र डबे असत. २०१२ साली कॅननने आपल्या ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्येच रेडिओची योजना केली, आणि पुढे इतर उत्पादकांनीही तोच मार्ग धरला. या पद्धतीत आडोशाची व उन्हाची अडचण बहुतांशी राहत नाही. ‘चॅनेल’ बदलून शेजारच्या छायाचित्रकाराच्या उपकरणांपासून आपली उपकरणे वेगळी ठेवता येतात, आणि ‘ग्रुप’ पाडून प्रत्येक फ्लॅशची शक्ती कॅमेऱ्याजवळूनच ठरविता येते. उंच स्टँडवर चढविलेला फ्लॅश दर वेळी खाली उतरवावा लागत नाही, ही सोय लहान वाटली तरी प्रत्यक्ष कामात मोठी आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. विभागांच्या कपाटांत जुने, चित्रफितीच्या काळातील फ्लॅश पडून असतात. त्यांपैकी काहींच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो. आजच्या कॅमेऱ्यांचे आणि रेडिओ ग्राहकांचे मंडल अशा दाबाने निकामी होऊ शकते. व्होल्टमापकाने दाब तपासल्यावाचून जुना फ्लॅश नव्या उपकरणास जोडू नये.

६. स्थळपरत्वे निवड

कोणती पद्धत श्रेष्ठ याचे एकच उत्तर नाही. स्थळ पाहून निर्णय करावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यात सह्याद्रीच्या शिखरांपासून गोदाकाठच्या सपाटीपर्यंत इतके वैचित्र्य आहे की जवळजवळ प्रत्येक प्रकारची अडचण येथे भेटते.

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथील शैव लेण्यात खांबांची रांग, गर्भगृह आणि त्याभोवतीचा प्रदक्षिणामार्ग आहे. मंडपात प्रकाशसंदेशाची पद्धतही चालू शकते, कारण भिंतींवरून परावर्तित झालेला संदेश फ्लॅशपर्यंत पोहोचतो. गर्भगृहाच्या मागे, प्रदक्षिणामार्गात, फ्लॅश ठेवताच तो अडतो. रेडिओ तरंगही अखंड खडकातून जात नाहीत. पण ते उघड्या वाटेने, परावर्तित होत, वळसा घेऊन पोहोचण्याची शक्यता पुष्कळ असते. सप्तमातृकांच्या पट्टासारख्या रुंद शिल्पास मागे सांगितलेला अंतराचा हिशेब तंतोतंत लागू पडतो.

अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढे थंड पाणी असते, आणि लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अभंग उरला आहे. पाणी या पट्ट्यातील रेडिओ तरंग शोषून घेते. मनुष्याचे शरीरही तेच करते. म्हणून ग्राहक पाण्याच्या पृष्ठभागापासून उंच ठेवावा आणि त्याच्या व कॅमेऱ्याच्या मध्ये कोणी उभे राहू नये. पाण्यावरील प्रकाशाचे प्रतिबिंब खालून प्रकाश टाकल्यासारखा परिणाम करते, हेही विसरू नये. गडावरील हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या परिसरातील लेखांत चांगदेवांचा उल्लेख येतो. सह्याद्रीच्या पावसात उघड्या दगडाची झीज चालूच असते. असे लेख आज चांगल्या प्रकाशात नोंदविले नाहीत तर पुढील पिढीच्या हाती केवळ मागील वाचने राहतील, पडताळणीचे साधन राहणार नाही.

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवर अडचण अंधाराची नसून उन्हाची आहे. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि सुमारे १/१०० सेकंद लागतात. गाइड नंबर ४० असलेला फ्लॅश अडीच मीटरवरून, तोही समोरून, जेमतेम सूर्याची बरोबरी करतो. तिरप्या कोनात तो हरतोच. हायस्पीड सिंकने ही तूट वाढते. अशा वेळी उपकरणाशी झगडण्यापेक्षा भिंतीवर सावली येण्याची वाट पाहावी, जाड कापडाचा आडोसा धरावा किंवा परवानगी असल्यास काम सूर्यास्तानंतर करावे.

नगर शहरातील निजामशाही काळातील दमडी मशीद, १५६७ च्या सुमारास बांधलेली, सूक्ष्म कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. उठावाच्या अरबी-फारसी अक्षरांचा न्याय खोदलेल्या देवनागरीहून निराळा आहे. खोदलेल्या अक्षराची सावली अक्षराच्या आतच पडते. उठावाच्या अक्षराची सावली बाहेर, शेजारच्या अक्षरावर पडते. पंधरा अंशांचा प्रकाश येथे सावल्यांची गुंतागुंत करील. म्हणून कोन ३० ते ४५ अंश ठेवावा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या गटातील फ्लॅश मुख्य प्रकाशाच्या चौथाईने द्यावा, म्हणजे सावल्या राहतात पण अपारदर्शक होत नाहीत.

या जिल्ह्यातील जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद ही उत्खननांची ख्यातनाम स्थळे आहेत. तेथे मिळाल्यासारख्या खापरांचे पृष्ठभागही हीच पद्धत अपेक्षितात. चाकावर फिरविल्याच्या सूक्ष्म रेषा तिरप्या प्रकाशात प्रकटतात. रंगवलेली काळी नक्षी मात्र दोन्ही बाजूंनी ४५ अंशांनी दिलेल्या सम प्रकाशात अधिक विश्वसनीय दिसते. एकाच वस्तूची दोन चित्रे घ्यावी लागतात, कारण वस्तूस विचारलेले प्रश्नच दोन आहेत.

७. नोंद आणि मर्यादा

प्रकाशाची दिशा ही छायाचित्राच्या प्रामाण्याचा भाग असल्यामुळे तिची नोंद चित्रासोबत असावी. घड्याळाच्या तबकडीची कल्पना करून ‘दहाच्या दिशेने, १५ अंश’ असे लिहिणे सुगम पडते. मोजपट्टी, राखाडी रंगपत्र आणि दिशादर्शक बाण प्रत्येक चौकटीत असावेत. कॅमेरा ट्रायपॉडवर निश्चल ठेवून किमान चार, शक्य तर आठ दिशांची चित्रे घ्यावीत.

याच तत्त्वाचा पुढील विकास म्हणजे २००१ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत. तीत कॅमेरा न हलविता अनेक दिशांनी प्रकाश टाकून घेतलेल्या चित्रांवरून संगणक प्रत्येक बिंदूच्या उताराचा अंदाज करतो, आणि मग अभ्यासक पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवून लेख वाचू शकतो. चौकटीत ठेवलेल्या चकचकीत गोळीवरील प्रकाशबिंदूवरून प्रत्येक चित्राची दिशा नंतर काढता येते. यासाठी खास यंत्र लागत नाही. एक फ्लॅश, एक रेडिओ जोडी आणि फ्लॅश ठराविक अंतरावर धरण्यासाठी मोजलेली दोरी एवढे पुरते.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. रंगीत भित्तिचित्रांच्या सान्निध्यात फ्लॅश वापरू नये. लेण्यांत वटवाघुळांची वस्ती असल्यास वारंवार चमकणे त्यांस उपद्रवकारक होते. संरक्षित वास्तूंत पुरातत्त्व खात्याची आणि पूजेतील स्थळी व्यवस्थापनाची पूर्वानुमती घ्यावी.

शेवटी, तिरपा प्रकाश नष्ट झालेले अक्षर परत आणत नाही. उरलेले तेवढे दाखवितो. परंतु अनेक दिशांनी घेतलेली, दिशेची नोंद असलेली चित्रमालिका उपलब्ध असेल तर एका अभ्यासकाचे वाचन दुसऱ्यास दगडापाशी न जाताही तपासता येते. नेवाशाच्या स्तंभावर हात ठेवणाऱ्या भाविकास तो लेख वाचता येण्याची गरज नाही. तो प्रसिद्ध करणाऱ्या अभ्यासकावर मात्र, आपण काय वाचले याबरोबरच ते कोणत्या प्रकाशात वाचले, हे सांगण्याचे दायित्व आहे.